चाळीस सेकंद

आमच्या शाळेत नवीन आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकवतात. एक, हात वर करताना कोपर बाकावर टेकलेलंच राहिलं पाहिजे. दुसरी, वर्गात मागे पाहुणे बसले असतील तर प्रत्येक प्रश्नाला प्रत्येकाने हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. पाहुण्यांना दिसतं की पन्नासच्या पन्नास मुलं उत्तर द्यायला उतावीळ झाली आहेत, आणि बाईंना दिसतं की नेमकं कोणाला उठवायचं. पाहुणे खूश होऊन जेवायला जातात, मुलं सुटतात, बाईंची अब्रू राहते. अळीमिळी गुपचिळी.

मी यान शूफेन. गान्सू प्रांताच्या कोरड्या डोंगरातल्या ह्या तालुक्याच्या गावी मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. ह्या अठ्ठावीस वर्षांत मी एकाही परदेशी माणसाशी इंग्रजीत बोललेले नाही, आणि त्यामुळे माझं काही अडलेलं नाही. परीक्षेत बोलायचं नसतंच. परीक्षेत एका परदेशी मित्राला पत्र लिहायचं असतं. कधी त्याला आपल्या सणाची माहिती द्यायची, कधी त्याला पोहायला बोलवायचं, कधी त्याच्या आजारपणाबद्दल हळहळायचं. माझ्या विद्यार्थ्यांनी आजवर त्याला हजारो पत्रं लिहिली असतील. तो कुठे राहतो ते कोणालाच ठाऊक नाही आणि त्याचं उत्तर आलं तर काय करायचं हे मी कोणाला शिकवलेलं नाही.

एकदा एक परदेशी माणूस आला होता खरा. नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सायकलवर जग फिरत होता म्हणे, आणि आमच्या शाळेच्या फाटकासमोरच त्याचं चाक पंक्चर झालं. शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, कपडे नीट केले आणि शौचालयात गेले. तो जाईपर्यंत मी बाहेर आले नाही. शेवटी त्याचं पंक्चर काढलं ते गणिताच्या गुओ सरांनी, नुसत्या हातवाऱ्यांवर. गुओ सर म्हणजे माझा नवरा. तेव्हापासून घरात कधी वाद निघाला की तो एवढंच म्हणतो, “बरं बाई, तू म्हणशील तसं. इंग्रजीच्या शिक्षिका तुम्ही.”

हे ऐकून घेणं एक वेळ जमलं असतं. पण तो नऊ वर्षांपासून ‘वरिष्ठ शिक्षक’ आहे आणि मी नाही. शाळेच्या व्हरांड्यात वरिष्ठांचे फोटो लावलेले असतात. त्याच्या फोटोखालून मी रोज वर्गावर जाते. मी चार वेळा अर्ज केला आणि चारही वेळा माझ्यापेक्षा वयाने लहान माणसं माझ्यापुढे गेली, कारण त्यांच्याकडे खुल्या पाठाचं पहिलं बक्षीस होतं आणि माझ्याकडे फक्त अठ्ठावीस वर्षं होती. पंचावन्नाव्या वर्षी बायकांना निवृत्त करतात. मला आता बावन्न पूर्ण झाली आहेत.

गेल्या वसंतात मुख्याध्यापक शाओ सरांनी मला बोलावून घेतलं. ते नेहमीसारखे मगमधली लाल वाळलेली फळं चहात फुगताना पाहत होते.

“यान बाई, यंदा शाळेला वरिष्ठाची एकच जागा आहे. मी ती तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. पण शहरातल्या खुल्या पाठात पहिलं बक्षीस आणा. नाहीतर मी जिल्ह्याला काय दाखवू?”

“आणीन.”

“आणा. ही तुमची शेवटची गाडी आहे.”

खुला पाठ म्हणजे सगळ्यांसमोर घ्यायचा नमुन्याचा तास. तुमचा वर्ग घेऊन तुम्ही शहरात जायचं, मोठ्या सभागृहाच्या मंचावर बाकं मांडायची आणि परीक्षक नि दोनशे शिक्षकांसमोर पंचेचाळीस मिनिटं असं शिकवायचं, की जणू मुलांना आणि तुम्हाला पुढे काय होणार ह्याचा पत्ताच नाही. त्यासाठी मी अकरा तालमी घेतल्या. धडा होता ‘माझं घर’. प्रश्न सहा, उत्तरं देणारी मुलं सहा. उरलेल्या चव्वेचाळीस जणांचं काम डावा हात सरळ धरायचं. वर्गप्रमुखाला एक चूक मुद्दाम करायला दिली होती, म्हणजे मला ती प्रेमाने सुधारता येईल.

त्या चव्वेचाळिसांत दोउ युनशिया होती. चौदा वर्षांची, पहिल्या रांगेत खिडकीशी बसणारी. वरच्या डोंगरातल्या वाडीची. आईबाप दूर निंगबो शहरातल्या कारखान्यात, वर्षातून एकदा नववर्षाला येतात. घरी फक्त आजोबा. ती सोमवार ते शुक्रवार शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि शनिवारी दोन तास चढून घरी जायची. दोन वर्षांपूर्वी वर्गात आली तेव्हा मी तिला पहिला परिच्छेद वाचायला लावला होता. डोंगरातल्या माणसांचा आमच्या बोलीतच एक वेगळा हेल असतो, आणि तिने तो हेल तसाच्या तसा इंग्रजीत नेला. सगळा वर्ग हसला. मीही हसले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण हसले होते.

त्यानंतर मी तिला सांगून टाकलं, “युनशिया, पाहुणे आले की तू डावाच हात वर करायचा.”

“आणि उत्तर येत असलं तर, बाई?”

“येत असलं तरी.”

ती “हो” म्हणाली. पोरगी सांगितलेलं ऐकणारी. दोन वर्षांत पाहुणे सात वेळा आले आणि सातही वेळा तिचा डावा हात खांबासारखा उभा होता. माझ्या वर्गात तिच्या आवाजातलं इंग्रजी मी पुन्हा ऐकलंच नाही. लेखी परीक्षेत ती बरे गुण मिळवायची, त्यामुळे मला तिची काळजी नव्हती. पहाटेच्या वाचनाला पन्नास मुलं एकदम ओरडून धडे म्हणतात. त्यात एकीचे ओठ हलताहेत की नाही ते कोण बघतं?

आम्ही बसने शहरात गेलो. वाटेत नऊ मुलांना उलट्या झाल्या. सभागृहात चार तालुक्यांच्या चार शाळांचे चार वर्ग एकसारख्या निळ्या-पांढऱ्या गणवेशात बसले होते. मी मनात सहा प्रश्न घोळवत होते. तेवढ्यात शिक्षण कार्यालयाच्या जोउ बाई माइकपाशी आल्या. परीक्षकांच्या त्या प्रमुख. मऊ आवाजात बोलणारी ठाम बाई.

“दरवर्षी आपण तालमी केलेले पाठ बघतो,” त्या म्हणाल्या. “मुलांना प्रश्नाआधीच उत्तर ठाऊक असतं. यंदा तसं नको. यंदा चिठ्ठ्या टाकू. प्रत्येक शिक्षक दुसऱ्या शाळेच्या वर्गाला शिकवील.”

चारही शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

मला शेजारच्या तालुक्यातल्या फेई सरांचा वर्ग आला आणि त्यांना माझा. फेई सर तिशीतला तरुण, केसांना काहीतरी चोपडून आलेला. मी मनाला समजावलं की घाबरण्यासारखं काही नाही. प्रश्न माझे पाठ आहेत, आणि हातांची खूण तर देशभर एकच असणार. उजवा म्हणजे येतं, डावा म्हणजे येत नाही. ह्यात बदलण्यासारखं आहे काय?

मी मंचावर गेले. पहिला प्रश्न टाकला, तुझ्या घरी स्वयंपाक कोण करतं? पन्नास हात वर. मी उजव्या हातांमधून चष्मा लावलेली एक चुणचुणीत मुलगी निवडली. ती उठली, लाल झाली आणि छताकडे बघू लागली. मी गोड हसले आणि दुसऱ्या उजव्या हाताकडे वळले. तो मुलगा उठला आणि त्याने बुटांकडे पाहिलं. तिसरा उजवा हात उठला आणि म्हणाला, “माफ करा.” तेवढं मात्र त्याने इंग्रजीत म्हटलं. आणि हे चालू असताना डावा हात वर केलेली मुलं माझ्याकडे अशी आशेने बघत होती, की जणू मीच त्यांचा घास अडवून धरला आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या वर्गात डावा म्हणजे येतं.

मी घाईघाईने एका डाव्या हाताला उठवलं. तो एका दमात म्हणाला, “माझं गाव आता फार बदललं आहे. नदी स्वच्छ झाली आहे, आणि हे सर्वांच्या मेहनतीचं फळ आहे.” प्रश्न स्वयंपाकाचा होता. मी “छान” म्हटलं. दुसऱ्याला विचारलं, घरात तुझी आवडती जागा कोणती? त्याने सांगितलं की झाडं लावणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. त्यांच्या सरांनी त्यांच्याकडून ‘माझ्या गावातले बदल’ घोटून घेतलं होतं आणि त्यांनी ते इमानाने परत केलं. मी पंचेचाळीस मिनिटं “छान, बस” म्हणत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात दुसऱ्यांचे होते आणि अवलक्षण माझं.

मी मंचावरून उतरून तिसऱ्या रांगेत बसले. माझी वरिष्ठाची जागा गेली होती, हे समजायला निकालाची गरज नव्हती.

मग फेई सर माझ्या वर्गासमोर उभे राहिले. माझी पन्नास लेकरं पाठ ताठ करून बसली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुझ्या घरी कोण कोण आहे? पन्नास हात वर झाले. आणि फेई सरांनी समोरच, पहिल्या रांगेच्या कडेला बसलेल्या मुलीचा सरळसोट डावा हात पाहून तिच्याकडे बोट केलं.

युनशिया जागची हलली नाही. मग तिने मान वळवून प्रेक्षकांत मला शोधलं. मी तिला दिसले. तिला विचारायचं होतं, आता काय करू? मी खाली बघून थर्मासचं झाकण फिरवू लागले. माझी तेवढीच लायकी होती त्या क्षणी.

ती उठली. सभागृहाच्या भिंतीवर लाल आकड्यांचं मोठं घड्याळ होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे की ती चाळीस सेकंद गप्प उभी होती. मंचावर चाळीस सेकंद म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फेई सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, हातही तसाच पुढे. दोनशे माणसांत कोणी खोकलं नाही.

मग ती बोलली. डोंगरातल्या त्याच हेलात, तिचं मोडकंतोडकं इंग्रजी होतं ते असं, “माझ्या घरी आजोबा. आजोबा ऐकत नाही. कान बंद. मी बटाटे सोलते, आजोबाशी इंग्रजी बोलते. दर शनिवारी, रविवारी. मी चुकते, आजोबा हसत नाही. मान हलवते. आजोबा माझे सगळ्यात चांगले शिक्षक.”

जोउ बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. फेई सर तिला ‘बस’ म्हणायचं विसरले, तर ती तशीच उभी राहिली. शेवटी टाळ्या सुरू झाल्यावर खाली बसली.

पहिलं बक्षीस फेई सरांना मिळालं. जोउ बाई म्हणाल्या, “आपल्या सगळ्यांना प्रश्न विचारता येतात. थांबता कोणाला येतं? आज एका शिक्षकाने वर्गातली सगळ्यात दबलेली मुलगी हेरली, तिला उठवलं आणि चाळीस सेकंद तिच्यावर विश्वास ठेवला. शिकवणं ह्याला म्हणतात.” मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं.

नंतर व्हरांड्यात गरम पाण्याच्या नळाशी थर्मास भरायला गेले तर फेई सर तिथे उभे. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“बाई, खरं सांगू? ती गप्प उभी राहिली तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. तोंडातून शब्द फुटेना म्हणून मी थांबलो.”

“माहीत आहे मला.”

“तुमच्याकडे उजवा म्हणजे येतं?”

“सगळीकडे उजवाच असतो,” मी म्हटलं. “तुमच्याकडे डावा कुठून आला?”

“हुशार मुलाचा उजवा हात लिहिण्यात गुंतलेला असतो ना, म्हणून.” ते ओशाळं हसले. “बाई, हे आपल्या दोघांतच राहू द्या. जोउ बाईंना कळलं तर...”

“जोउ बाई वीस वर्षं वर्गावर होत्या,” मी म्हटलं. “त्यांना काय कळायचं राहिलंय?”

परतीच्या बसमध्ये युनशिया माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. सीटची कड घट्ट धरून तिने विचारलं, “बाई, माझं चुकलं का? मी डावाच वर केला होता. नक्की डावाच.”

“नाही चुकलं.”

“मग सरांनी मला का उठवलं?”

मी तिला पिशवीतलं उकडलेलं अंडं दिलं आणि जागेवर जाऊन बस म्हणून सांगितलं.

ह्याच्या पुढचे दोन आठवडे मी विसरणार नाही. सोमवारी सकाळी वर्गात कोणीही पाहुणा नसताना मी एक साधा प्रश्न विचारला, आणि पहिल्या रांगेत एक उजवा हात वर आला. युनशियाचा. ती बोलली, चुकली आणि चूक लक्षात आल्यावर थांबून पुन्हा बोलली. कोणी हसलं नाही. शहरात टाळ्या मिळवून आलेल्या मुलीला हसायची कोणाची हिंमत? मग रोजच तिचा हात वर. जेवणाच्या रांगेत, आंबट पाण्यातल्या शेवयांचा वाडगा हातात धरून ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला यायची. “बाई, आज वारा मोठा.” “बाई, माझा बूट ओला.” मला उत्तर देताना अडखळायला व्हायचं. मी अठ्ठावीस वर्षांत असल्या गोष्टी इंग्रजीत बोललेच नव्हते. तिच्यामुळे मीही थोडी थोडी बोलू लागले. एकदा मी तिला म्हणाले, बूट उन्हात ठेव, आणि ती खुदकन हसून म्हणाली, “ऊन कुठे, बाई?” आमच्या दोघींचं ते पहिलं खरं संभाषण. मला फार आनंद झाला होता त्याचा.

तिसऱ्या आठवड्यात शाओ सरांनी बोलावलं. ह्या वेळी त्यांनी मला चहा दिला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

“यान बाई, नशीब काढलंत. फेई सरांचा पाठ प्रांताला आवडला आहे. ‘थांबण्याची पद्धत’ असं नाव दिलंय त्याला. सगळ्या शाळांना दाखवायला त्याचं चित्रीकरण करायचं आहे, आणि मुलगी आपली, म्हणून चित्रीकरण आपल्या शाळेत.” ते पुढे झुकले. “मुलीला तयार करायची जबाबदारी तुमची. प्रांत त्याबद्दल आपल्याला वरिष्ठाची एक जास्तीची जागा देतोय. मार्गदर्शक शिक्षिकेसाठी.”

“तयार म्हणजे काय करायचं?”

“त्या दिवशी जसं झालं तसं. अगदी तसंच.”

त्या संध्याकाळी मी हे गुओला सांगितलं. तो कणकेच्या लोळीतून शेवया ओढत होता. हातातल्या शेवया त्याने उकळत्या पाण्यात सोडल्या.

“नाही म्हण,” तो म्हणाला.

“तुला काय जातंय सांगायला? तुझा फोटो लागलाय भिंतीवर.”

“तू नाही म्हणालीस तर त्या सायकलवाल्याचं नाव मी जन्मात काढणार नाही.”

त्याने आयुष्यात मला देऊ केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, हे मला तेव्हाही समजत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी शाओ सरांना हो म्हणून आले. अठ्ठावीस वर्षं त्या फोटोखालून चालणाऱ्यालाच ते कळेल, असं मी स्वतःला सांगितलं. फोटो तिथे नऊच वर्षं आहे.

पहिल्या तालमीला मी प्रश्न विचारला, तुझ्या घरी कोण कोण आहे? युनशियाने उजवा हात वर केला आणि उभी राहून लगेच उत्तर दिलं. नीट, न अडखळता, आणि आधीच्या सगळ्या चुका सुधारून. तिने मागच्या दोन शनिवार-रविवारी बटाटे सोलताना तेवढाच उद्योग केला असावा.

“असं नाही,” मी म्हटलं. “त्या दिवशी डावा हात होता. डावा वर कर. आणि आधी गप्प राहायचं. खिडकीकडे बघ आणि मनात चाळीस मोज.”

“पण बाई, मला उत्तर येतंय.”

“येत असलं तरी.”

हे शब्द तोंडातून गेल्यावर मला आठवलं की मी ते आधीही म्हटले होते. मी थांबले. पण खोलीत शाओ सर बसले होते, हातात वही घेऊन, आणि ते म्हणाले, “चुकासुद्धा त्या दिवशीच्याच हव्यात. सुधारलेलं नको. सुधारलेलं खोटं वाटतं.” मग त्यांना सुचलं की आवाज थोडा कापला तर बरं. मग सुचलं की आजोबांना पहिल्या रांगेत बसवावं.

आम्ही चौदा तालमी घेतल्या. पहिल्या काहींत ती तेवीसला बोलायची, कधी एकतीसला. उत्तर ओठांवर आलेलं दिसायचं आणि ती ते गिळायची. फेई सर दोन वेळा आले. ते मनगटावरच्या घड्याळात बघत थांबायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. दहाव्या तालमीपासून ती अचूक चाळीसला बोलू लागली. मी तिला “शाबास” म्हटलं.

चित्रीकरण एकाच फटक्यात झालं. आजोबा नवीन निळं जाकीट घालून पहिल्या रांगेत बसले होते. ते नातीच्या बोलण्यावर मान हलवत होते, शाओ सरांच्या भाषणावर मान हलवत होते, कॅमेरावाले वायर गुंडाळत होते तेव्हाही हलवत होते. जोउ बाईंनी पुन्हा चष्मा काढला. प्रांतातल्या सगळ्या शाळांना आता ते चित्रीकरण दाखवतात, आणि फेई सर गावोगाव फिरून शिक्षकांना थांबायला शिकवतात.

शरदात माझं वरिष्ठपदाचं पत्र आलं. लाल पुठ्ठ्यातलं प्रमाणपत्र. माझा फोटो गुओच्या फोटोशेजारी लागला. त्या दिवशी त्याने मटणाच्या रश्श्यातल्या शेवया केल्या, मला वाढल्या आणि टोमणा म्हणून एकही मारला नाही. मला तो हवा होता.

युनशिया आता शेवटच्या वर्षात आहे. ती हात वर करत नाही, उजवा नाही आणि डावाही नाही. मी नाव घेऊन विचारलं की उठते. खिडकीकडे बघते. वर्ग शांत बसून राहतो. मुलांनाही आता ह्याची सवय झाली आहे. मग ती उत्तर देते, बिनचूक. सुरुवातीला मला वाटलं पोरगी माझ्यावर सूड उगवते आहे, आणि तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर खोडी नसते. एकदा तास संपल्यावर मी तिला जवळ बोलावून सांगितलं, “युनशिया, आता लगेच बोललीस तरी चालतं. थांबायचं नाही.” तिने मान हलवली, आजोबा हलवतात तशी.

परवा गरम पाण्याच्या नळाशी ती एकटीच बाटली भरत होती. तास नव्हता, कॅमेरा नव्हता. मी इंग्रजीचं नावसुद्धा काढलं नाही. आमच्या डोंगरातल्या बोलीत, शेजारणीने विचारावं तसं मी विचारलं, “काय गं, आजोबा बरे आहेत ना?”

तिने नळ बंद केला. बाटली खाली ठेवली, सरळ उभी राहिली आणि खिडकीकडे बघू लागली. मी तिथून हलू शकले नाही. तिच्याबरोबर मीही मोजत होते.

चाळीस झाल्यावर ती म्हणाली, “बरे आहेत, बाई.”